पॉवर विंडो बंद पडल्यास दोष कोठे शोधावा?

लखनौ : उत्तर प्रदेशाच्या राजधानीत मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि 'लू' या नावाने ओळखले जाणारे उष्ण वारे धूळ घेऊन वाहू लागतात. जुलैपासून मुसळधार पाऊस सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पसरते. या तिन्ही ऋतूंचा ताण गाडीच्या दारात बसविलेल्या, विजेवर वरखाली होणाऱ्या काचेवर पडतो. पॉवर विंडो या नावाने परिचित असलेली ही यंत्रणा बंद पडली की, 'मोटर जळली' असा निष्कर्ष बहुतेक वेळा तत्काळ काढला जातो. प्रत्यक्षात मोटर हा या साखळीतील अखेरचा दुवा आहे. त्याआधीच्या दुव्यांपैकी अनेकांची तपासणी कोणत्याही खर्चाविना करता येते.

अयोध्येतील राममंदिरात २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. तेथे स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी झाशी-कानपूर मार्गाने येणारे प्रवासी लखनौवरूनच पुढे जातात. परक्या शहरात, अनोळखी कारागिरासमोर काच अडकलेली गाडी उभी करण्याची वेळ आल्यास दोषाचे स्वरूप आधीच समजलेले असणे उपयुक्त ठरते.

यंत्रणा कशी चालते?

बॅटरीतून निघालेला विद्युतप्रवाह प्रथम फ्यूजमधून जातो. तेथून तो बहुतेक गाड्यांत रिलेमार्गे चालकाच्या दारावरील मुख्य स्विचपर्यंत आणि इतर दारांवरील स्विचांपर्यंत पोहोचतो. पुढे दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधील रबरी नळीतून गेलेल्या तारा हा प्रवाह दारातील मोटरपर्यंत नेतात. मोटर 'रेग्युलेटर' ही यांत्रिक जोडणी फिरवते आणि रेग्युलेटर काच उचलतो. काही गाड्यांत हा रेग्युलेटर कात्रीसारख्या पोलादी भुजांचा असतो, तर अनेक गाड्यांत तो पोलादी तारेचा व कप्प्यांचा असतो. काच दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांतून सरकते. या रबराला गॅरेजमध्ये सर्वसाधारणपणे बीडिंग म्हणतात.

जुन्या आणि साध्या रचनेत काच वर नेण्यासाठी व खाली आणण्यासाठी वेगवेगळ्या मोटरी नसतात. स्विच दाबताच प्रवाहाची दिशा उलटते आणि तीच मोटर उलट फिरते. ही एक बाब ध्यानात ठेवली तरी पुढील तपासणी पुष्कळशी सोपी होते.

पहिला प्रश्न : एक काच की सर्व काचा?

सर्व काचा एकाच वेळी बंद पडल्या असतील, तर चारही मोटरी एकाच दिवशी निकामी झाल्या असण्याची शक्यता जवळजवळ नसते. अशा वेळी दोष सर्वांना समाईक असलेल्या भागात शोधावा. इग्निशन पूर्ण चालू आहे का, बॅटरी क्षीण झाली आहे का, फ्यूज उडाला आहे का आणि रिले काम देतो का, या क्रमाने पाहावे. फ्यूजपेटी बहुधा डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटखाली असते. तिचा नकाशा झाकणावर किंवा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

उडालेला फ्यूज बदलताना त्याच क्षमतेचा फ्यूज वापरणे अत्यावश्यक आहे. अधिक क्षमतेचा फ्यूज बसविणे, त्याजागी तार गुंडाळणे किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कोठेतरी तार घासून शॉर्टसर्किट झाले आहे असे समजावे आणि पुढचा प्रयत्न थांबवावा.

काही वेळा दोष मुळी नसतोच. उरलेल्या तीन काचा त्यांच्या स्वतःच्या स्विचने हलत नाहीत, परंतु चालकाच्या स्विचने हलतात, असे आढळल्यास चालकाच्या दारावरील विंडो-लॉकचे बटण चुकून दाबले गेले असण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. केवळ हे बटण न पाहिल्यामुळे गाडी गॅरेजपर्यंत नेली जाते.

एकच काच बंद पडली असेल, तर दोष त्या दारापुरता मर्यादित मानावा. प्रवाशाच्या बाजूची काच चालकाच्या स्विचने चालते पण तिच्या स्वतःच्या स्विचने चालत नाही, किंवा याच्या उलट घडते, तर मोटर व रेग्युलेटर सुस्थितीत आहेत हे सिद्ध होते. तेथे बहुधा फक्त स्विच स्वच्छ करणे अथवा बदलणे पुरेसे असते. काच खाली जाते पण वर येत नाही, अशा वेळी फ्यूज शाबूत आहे आणि मोटर फिरते, हे उघड आहे. साध्या रचनेच्या गाडीत मग दोनच मुख्य संशयित उरतात. स्विचमधील एका दिशेचा संपर्कबिंदू झिजलेला असतो, किंवा काच उचलण्यास अधिक बळ लागत असल्याने घर्षण वाढलेले असते.

दुसरा प्रश्न : आवाज येतो का?

इंजिन बंद, इग्निशन चालू आणि पंखा व संगीत बंद ठेवून स्विच दाबावा आणि दाराला कान लावावा. ऐकू येणाऱ्या आवाजावरून दोषाचा अंदाज बांधता येतो.

मोटर गरगर फिरल्याचा आवाज येतो, पण काच हलत नाही, तर वीजपुरवठा आणि मोटर या दोन्ही बाबी ठीक आहेत. रेग्युलेटरची तार तुटली आहे, त्याचे दाते झिजले आहेत किंवा काच धरून ठेवणारी क्लिप सुटली आहे. कडकड असा आवाज येऊन काच तिरकी झाली, तर स्विच पुन्हा दाबू नये. तुटलेली तार ढोलाभोवती गुंतून मोटरही निकामी होण्याची शक्यता असते.

आवाज अजिबात नसेल, तर गाडीच्या छतावरील दिवा लावून स्विच दाबावा. हा दिवा साध्या बल्बचा असल्यास ही चाचणी फार बोलकी ठरते. स्विच दाबताच दिवा किंचित मंद झाला, तर प्रवाह मोटरपर्यंत पोहोचत आहे, मात्र मोटर किंवा काच जाम झाली आहे. दिव्यावर काहीच परिणाम झाला नाही, तर प्रवाह वाटेतच खंडित झाला आहे. मग फ्यूज, स्विच, तारा आणि मोटरमधील कार्बन ब्रश यांकडे वळावे.

दार विशिष्ट कोनात उघडे असतानाच काच चालत असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तार तुटलेली असते. दार हजारो वेळा उघडझाप झाल्याने तेथील तार आतून तुटते आणि वरचे आवरण मात्र अखंड दिसते. दारावर हाताने थाप मारल्यावर काच क्षणभर चालू होत असेल, तर मोटरचे ब्रश झिजले आहेत किंवा जोडणी सैल आहे, असे समजावे.

यानंतरची चाचणी कारागिराने करावयाची असते. दाराचे आतील आवरण काढून मोटरच्या जोडणीवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावला जातो आणि स्विच दोन्ही दिशांना दाबला जातो. दोन्ही वेळा सुमारे १२ व्होल्ट मिळत असूनही मोटर हलत नसेल, तरच मोटर दोषी ठरते. ही चाचणी काही मिनिटांची आहे. ती केल्याविना मोटर बदलण्यास संमती देऊ नये. ज्या गाड्यांच्या दारात एअरबॅग किंवा तिचे संवेदक असतात, त्या गाड्यांचे आवरण जाणकारानेच काढावे.

बिघाड नव्हे, संरक्षण

मुलांनी काच सतत वरखाली केली आणि ती अचानक थांबली, तर घाबरण्याचे कारण नसते. अनेक मोटरींत उष्णतेपासून संरक्षण करणारी योजना असते. मोटर तापली की ती प्रवाह रोखते. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर काच बहुधा पूर्ववत चालू लागते. भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हा प्रकार अधिक लवकर घडतो.

बॅटरी बदलल्यानंतर एका स्पर्शात वर जाणारी काच मध्येच थांबणे किंवा वर जाऊन पुन्हा खाली येणे, हाही पुष्कळदा दोष नसतो. वीजपुरवठा खंडित झाल्याने काचेच्या वरच्या व खालच्या टोकाची नोंद पुसली जाते. अनेक गाड्यांत काच पूर्ण बंद करून स्विच काही सेकंद तसाच ओढून धरल्यास ही नोंद पुन्हा होते. नेमकी पद्धत प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

धूळ, पाऊस आणि थंडी

लखनौसारख्या शहरात काच बंद पडण्याची सुरुवात पुष्कळदा विजेपासून नव्हे, तर धुळीपासून होते. उन्हाळ्यात बीडिंगच्या खाचेत बारीक धूळ साठते. धूळ बसलेली काच तशीच खाली घेतली, की ती धूळ दाराच्या आत ओढली जाते. काच हळूहळू जड होते आणि प्रत्येक वेळी मोटरला अधिक प्रवाह ओढावा लागतो. सहा महिन्यांनी 'जळलेली' मोटर ही या दुर्लक्षाची परिणती असू शकते. म्हणून काच वर जाण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेऊ लागली, तर तो पहिला इशारा समजावा.

काचेला लावलेल्या फिल्मची सुटलेली कडही खाचेत अडकते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे बंधनकारक आहे. गडद फिल्म लावलेल्या वाहनधारकासाठी कायदा आणि यंत्रणा या दोन्ही दृष्टींनी ती काढून टाकणे हिताचे आहे.

पावसाळ्यात काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरते. हे अपेक्षितच असते आणि ते बाहेर जाण्यासाठी दाराच्या खालच्या कडेला छिद्रे ठेवलेली असतात. ही छिद्रे चिखलाने बुजली, तर पाणी आतच साचते आणि जोडण्या गंजतात. दाराच्या आवरणामागे प्लॅस्टिकचा एक पातळ पडदाही असतो. दुरुस्तीच्या वेळी तो फाडून टाकला गेला, तर पुढच्या पावसात ओल स्विचपर्यंत पोहोचते. दुरुस्तीनंतर हा पडदा पुन्हा नीट चिकटविला आहे का, हे आवर्जून विचारावे.

हिवाळ्यात रबर ताठर होते, वंगण घट्ट होते आणि बॅटरीची शक्तीही घटते. त्यामुळे पहाटे काच संथ चालणे स्वाभाविक आहे. इंजिन सुरू केल्यावर तीच काच वेगाने चालत असेल, तर प्रथम बॅटरी तपासावी.

वंगण कोठे द्यावे, कोठे देऊ नये?

बीडिंग ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर तिच्या खाचेत सिलिकॉनचा फवारा देणे योग्य ठरते. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस रबराला अपाय करते आणि धूळ धरून ठेवते. स्विचमध्ये मात्र कोणतेही वंगण फवारू नये.

या सूचनेमागे मोठा अनुभव आहे. टोयोटा कंपनीने ऑक्टोबर २०१२ मध्ये जगभरातील ७४ लाखांहून अधिक गाड्या पॉवर विंडोच्या मुख्य स्विचमधील दोषामुळे परत मागविल्या. स्विच तयार करताना ग्रीस असमान लागल्याने तो अडखळत असे. त्यावर उपाय म्हणून बाजारातील वंगण वापरल्यास स्विच तापून वितळण्याचा धोका असल्याचे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले होते. भारतातील कोरोला आल्टिस आणि कॅमरी या गाड्यांचाही त्यात समावेश होता.

त्याआधी जानेवारी २०१० मध्ये होंडा कंपनीने जगभरातील सुमारे साडेसहा लाख जॅझ व सिटी गाड्यांचे स्विच तपासण्याचा निर्णय घेतला. चालकाच्या स्विचमध्ये पाणी शिरून आग लागण्याची शक्यता आढळली होती. दक्षिण आफ्रिकेत २००९ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत एका बालिकेचा मृत्यू झाल्यानंतर हा प्रश्न पुढे आला होता. भारतात सिटीच्या सुमारे साडेआठ हजार गाड्या या मोहिमेत आल्या. त्या काळी ही गाडी उत्तर प्रदेशातीलच ग्रेटर नोएडा येथील कारखान्यात तयार होत असे. पावसात काच उघडी राहून स्विचवर पाणी पडले, स्विचमधून जळका वास आला किंवा तो हाताला गरम लागला, तर इग्निशन तत्काळ बंद करावे, असा धडा या दोन्ही घटनांतून मिळतो.

काच उघडी अडकल्यास

वाटेत काच खालीच अडकली आणि मोटर पूर्ण बंद नसेल, तर एकाने स्विच 'वर'च्या दिशेने धरावा आणि दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळुवारपणे वर ओढावी. बोटे काचेच्या वरच्या कडेवर ठेवू नयेत. ती वर आल्यावर तिच्या स्विचला पुन्हा हात लावू नये आणि दुरुस्ती होईपर्यंत विंडो-लॉक चालू ठेवावे. काच येतच नसेल, तर जाड प्लॅस्टिक बाहेरून चिकटपट्टीने लावावे. मात्र चालकाच्या बाजूचा आरसा झाकला जात असेल, तर गाडी चालवू नये.

लखनौत गाडीच्या काचेला 'शीशा' म्हणतात आणि ती उचलणाऱ्या रेग्युलेटरला कारागीर 'मशीन' म्हणतात. 'मशीन खराब है' असे सांगण्यात आल्यास त्याचा अर्थ मोटर बिघडली असाच होतो असे नाही. मोटर आणि रेग्युलेटर यांपैकी नेमके काय बदलावयाचे आहे आणि ते स्वतंत्रपणे मिळते का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. काही गाड्यांत हे दोन्ही भाग एकत्रच मिळतात, तर काहींत वेगवेगळे. काढलेला जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घ्यावे.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

बंद पडलेली काच ही गैरसोय आहे, तसाच तो सुरक्षेचाही विषय आहे. लहान मुलाने डोके बाहेर काढलेले असताना स्विचवर पाय पडून काच वर गेल्याने जीवघेणे अपघात झालेले आहेत. युरोपमधील नियमानुसार, आपोआप वर जाणाऱ्या काचेने अडथळ्यावर १०० न्यूटनपेक्षा अधिक दाब येण्यापूर्वी उलट फिरले पाहिजे. हा दाब साधारण १० किलो वजनाइतका असतो. भारतातील अनेक गाड्यांत ही सोय केवळ चालकाच्या काचेला असते. मागच्या काचा मूल बसलेल्या जागी कोणत्याही संरक्षणाविना पूर्ण बळाने बंद होतात. त्यामुळे मुले सोबत असताना विंडो-लॉक चालू ठेवावे आणि गाडीतून उतरताना किल्ली बरोबर घ्यावी. बंद गाडीत मुलांना क्षणभरही एकटे सोडू नये. उन्हाळ्यात आतील तापमान काही मिनिटांतच धोकादायक पातळी गाठते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरा धोका पाण्याचा आहे. लखनौत ३१ जुलै २०२४ रोजी झालेल्या मुसळधार पावसात विधान भवनाच्या परिसरातही पाणी शिरले होते. अशा दिवशी भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये. तरीही गाडी खोल पाण्यात गेलीच, तर पहिले मिनिट निर्णायक असते. पाण्याच्या दाबामुळे दार उघडत नाही. पाणी काचेपर्यंत चढण्यापूर्वी विजेवरील काच बहुधा चालते, पण ते चढल्यानंतर दाबाने काचही अडते. म्हणून दूरध्वनी करण्यात वेळ न दवडता प्रथम सीटबेल्ट सोडावा, काच खाली घ्यावी, मुलांना आधी बाहेर काढावे आणि मग स्वतः बाहेर पडावे. ११२ या क्रमांकावर मदत त्यानंतर मागावी. काच खाली आलीच नाही, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीने प्रहार करावा. अशी हातोडी चालकाच्या हाताशी असावी. पुढची काच थरांची असल्याने ती फुटून मार्ग देत नाही. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, याची माहिती आधीच करून घ्यावी.

वाहनधारकाचे अधिकार

एकाच प्रकारच्या अनेक गाड्यांत हा दोष आढळत असेल, तर तो निर्मितीतील दोष असू शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सदोष गाड्या परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला असून, त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आहेत. आपल्या गाडीचा चासी क्रमांक देऊन अशी काही मोहीम सुरू आहे का, हे अधिकृत विक्रेत्याकडे विचारता येते. मोहिमेतील दुरुस्तीसाठी शुल्क द्यावे लागत नाही.

दुरुस्तीत फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते. लखनौत झालेल्या दुरुस्तीबाबत नागपूर किंवा कोल्हापूर येथील रहिवासी आपल्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. त्यासाठी पक्के बिल आणि काढलेला जुना भाग हा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

एक काच की सर्व काचा, आवाज येतो की नाही आणि प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतो की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणताही भाग बदलू नये, असे या विषयाचे सार सांगता येईल. मात्र दोष सापडल्यावर दुरुस्ती लांबणीवर टाकणे योग्य नव्हे. संकटाच्या वेळी हीच काच बाहेर पडण्याचा मार्ग असते.